उणे वीस अंशांत वीज गेली तर

थंड प्रदेशात ऐन हिवाळ्यात वीज गेली, की घर तासातासाने थंड होत जाते. बाहेर उणे १५ किंवा उणे २० अंश सेल्सिअस असताना जुन्या, फटीफटींतून वारा शिरणाऱ्या घरातली ऊब काही तासांत ओसरते. भिंतींत आणि छतात उष्णतारोधक थर नीट भरलेले घर दिवसभर किंवा त्याहून थोडे अधिक तग धरते. त्यानंतर नळातले पाणी गोठू लागते, वृद्धांच्या शरीराचे तापमान घसरू लागते आणि घर सोडावे की नाही हा प्रश्न उभा राहतो. महाराष्ट्राने भारनियमन भोगले आहे. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतल्या कित्येक गावांनी विजेविना आठवडे काढले. तिथले हाल पाण्याचे, मोबाइलचे आणि अंधाराचे होते. कॅनडा, स्वीडन किंवा फिनलंडमध्ये तेवढाच काळ वीज गेली तर या सगळ्या हालांवर थंडीची भर पडते, आणि ही थंडी जीव घेते. म्हणूनच लांबलेल्या वीजबंदीची तयारी हा त्या देशांत घरापासून संसदेपर्यंत सगळ्यांचा विषय आहे.

या तयारीचा सर्वांत मोठा धडा कॅनडाच्या क्वेबेक प्रांताने जानेवारी १९९८ मध्ये घेतला. ५ ते १० जानेवारी या काळात सेंट लॉरेन्स नदीच्या खोऱ्यात गोठणारा पाऊस पडत राहिला. दक्षिणेकडून आलेली दमट, उबदार हवा वरच्या थरात होती. खोऱ्यात जमिनीलगत थंड हवा अडकून बसली होती. उबदार थरातून पाणी होऊन निघालेला थेंब खालच्या थंड थरात शून्याखाली जातो, पण गोठायला त्याला वेळ मिळत नाही. तार, फांदी, छप्पर, रस्ता, ज्याला तो टेकतो त्यावर तो तत्क्षणी पारदर्शक, कठीण बर्फ होऊन चिकटतो. हिमाचे कण वाऱ्याने उडून तरी जातात; हा बर्फ जागचा हलत नाही, थरावर थर चढत राहतो. असा पाऊस त्या भागाला नवा नाही. दर हिवाळ्यात तो काही तास पडतो आणि थांबतो. १९९८ मध्ये तो थांबला नाही. मॉन्ट्रियलच्या दक्षिणेला काही ठिकाणी सुमारे १०० मिलिमीटर पाऊस झाला.

तीन सेंटिमीटर जाडीच्या वीजवाहक तारेभोवती सगळीकडून तीन सेंटिमीटर बर्फ जमला, तर दर मीटरला पाच किलोच्या आसपास वजन वाढते. दोन मनोऱ्यांमधले अंतर ४०० मीटर धरले तर एकेका तारेवर सुमारे दोन टनांचा जादा भार येतो, आणि एका मनोऱ्यावर अशा अनेक तारा असतात. मनोरा दोन्ही बाजूंच्या तारांच्या ताणामुळे तोल सांभाळून उभा असतो. एक कोसळला की त्याच्या शेजाऱ्यावरचा ताण एकीकडून नाहीसा होतो, दुसरीकडचा तसाच राहतो, आणि तोही ओढला जाऊन पडतो. पोलादी मनोऱ्यांच्या रांगाच्या रांगा अशा आडव्या झाल्या. हजारो लाकडी खांब मोडले. क्वेबेकमध्ये हायड्रो-क्वेबेक या सरकारी वीजकंपनीच्या सुमारे १४ लाख ग्राहकांची, म्हणजे ३० लाखांच्या आसपास लोकांची वीज गेली. शेजारच्या ऑन्टारिओ प्रांताच्या पूर्व भागातही तीच गत झाली. सँ-हयासँत, ग्रॅन्बी आणि सँ-जाँ-स्यूर-रिशलिय या तीन गावांच्या मधल्या पट्ट्याला लोक काळा त्रिकोण म्हणू लागले. तिथल्या काही घरांत वीज परत यायला महिन्याहून जास्त काळ लागला. सुमारे सहा लाख लोकांना घर सोडावे लागले आणि कॅनडात किमान २५ माणसे दगावली. पंधरा हजारांहून अधिक सैनिक मदतीला उतरवावे लागले.

वादळ मोठे होतेच, पण नुकसान एवढे वाढले त्याला दुसरेही कारण होते. क्वेबेकमधली जवळजवळ सगळी वीज उत्तरेकडच्या धरणांतून येते, ती स्वस्त आहे, आणि म्हणून बहुसंख्य घरे विजेच्या हीटरवरच ऊब धरतात. स्वयंपाक विजेवर, गरम पाणी विजेवर, खेड्यातल्या विहिरीचा पंपही विजेवर. सगळे एकाच तारेला टांगलेले असले की ती तार तुटल्यावर हाताशी काहीच उरत नाही. हिवाळी वीजबंदीची तयारी म्हणजे मुळात हे एकाच तारेवरचे अवलंबन कमी करणे.

घरापासून सुरुवात केली तर पहिला विचार उष्णतेच्या दुसऱ्या साधनाचा करावा लागतो. लाकडाची बंदिस्त लोखंडी शेगडी हे त्यातले सर्वांत भरवशाचे साधन. तिला वीज लागत नाही, तिच्यावर स्वयंपाक होतो आणि बर्फ वितळवून पाणीही करता येते. मात्र सरपण किमान वर्षभर वाळलेले हवे. ओले लाकूड धूर जास्त आणि उष्णता कमी देते, शिवाय धुराड्यात डांबरासारखा थर साचवते, जो पुढे पेट घेऊ शकतो. म्हणून धुराडे दर वर्षी हिवाळ्याआधी साफ करून घेतात. इथे एक फसगत नेहमी होते. लाकडाच्या गोळ्यांवर चालणारी आधुनिक शेगडी, गॅसची किंवा तेलाची भट्टी ही साधने विजेशिवाय चालतात असे लोक धरून चालतात. इंधन वेगळे असले तरी गोळ्या पुढे ढकलणारा स्क्रू, गरम हवा घरभर फिरवणारा पंखा आणि थर्मोस्टॅट हे सगळे विजेवरच चालतात. घरात काय आहे आणि त्याला किती वीज लागते, हे वादळाआधी तपासलेले बरे.

सरपणाच्या धुराने हवा बिघडते हेही खरे, आणि मॉन्ट्रियल शहराने त्यातून काढलेली वाट समंजस आहे. १ ऑक्टोबर २०१८ पासून शहरात फार धूर सोडणाऱ्या शेगड्या वापरायला बंदी आहे. पण वीज तीन तासांहून जास्त गेली, तर कोणतीही शेगडी पेटवण्याची मुभा त्याच नियमात दिलेली आहे. रोजच्या हवेचे आरोग्य आणि संकटातली ऊब या दोन्ही गरजा नियम करणाऱ्यांनी एकाच कागदावर मांडल्या, हे इतर शहरांनी पाहण्यासारखे आहे.

जनरेटरबद्दलही असाच गैरसमज असतो. दोन-तीन किलोवॅटच्या छोट्या जनरेटरवर फ्रीज, काही दिवे आणि तेलाच्या भट्टीचा पंखा चालतो. पूर्ण विजेवर तापणारे घर मात्र त्याच्यावर तापत नाही, कारण त्या हीटरना मिळून दहा-वीस किलोवॅट लागू शकतात. ज्याच्या घरी फक्त विजेचे हीटर आहेत त्याने जनरेटरपेक्षा आधी शेगडीचा किंवा शेगडी असलेल्या शेजाऱ्याचा विचार करावा. जनरेटर घराच्या वायरिंगला जोडायचा तर मध्ये अदलाबदलीचा स्विच बसवलेलाच हवा, आणि तो परवानाधारक वायरमनकडून. नुसती वायर सॉकेटमध्ये खुपसली तर वीज उलट बाहेरच्या लाइनीवर जाते. तिथले रोहित्र ती वीज हजारो व्होल्टपर्यंत चढवते, आणि लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या कामगाराचा त्यात जीव जाऊ शकतो.

थंडीशिवाय या काळात माणसे कार्बन मोनॉक्साइडनेही मरतात. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. गॅरेजमध्ये चालू ठेवलेला जनरेटर, घरात आणलेली कोळशाची शेगडी किंवा मैदानी स्टोव्ह, धुराड्याचे तोंड बर्फाने बुजलेले असणे, ही त्याची नेहमीची कारणे. गॅरेजचे दार अर्धे उघडे ठेवले म्हणून धोका टळत नाही. जनरेटर घराबाहेर, दारा-खिडक्यांपासून किमान सहा मीटर दूर ठेवायचा असतो. डोकेदुखी, मळमळ आणि गुंगी ही पहिली लक्षणे दमलेल्या, गारठलेल्या माणसाला थकवाच वाटतात, आणि घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी वाटत असल्याने कोणाला शंकाही येत नाही. या वायूची सूचना देणारा, बॅटरीवर चालणारा गजर प्रत्येक झोपण्याच्या मजल्यावर असणे, ही या सगळ्या तयारीतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त जीव वाचवणारी गोष्ट आहे.

वीज गेल्यावर सगळे घर राखण्याचा हट्ट धरायचा नसतो. शक्यतो दक्षिणेला खिडक्या असलेली एक छोटी खोली निवडून सगळ्यांनी तिथेच राहायचे. दाराच्या फटी टॉवेलने बुजवायच्या, खिडक्यांवर ब्लँकेट लावायचे, दिवसा ऊन आत येत असेल तेवढा वेळ ते बाजूला करायचे. जाड एका कपड्यापेक्षा पातळ कपड्यांचे तीन थर जास्त ऊब धरतात. मेणबत्त्यांपेक्षा बॅटरीचे दिवे बरे, कारण अशा काळात आग लागली तर विझवायला पाणी आणि बंब दोन्ही वेळेवर मिळतीलच असे नाही.

कॅनडाचे सरकार प्रत्येक घराला किमान ७२ तास स्वतःच्या बळावर निभावता येईल इतकी सामग्री ठेवायला सांगते. त्यात माणशी दररोज दोन लिटर पिण्याचे पाणी, शिजवावे न लागणारे अन्न, औषधे, बॅटरीवरचा रेडिओ आणि रोख पैसे येतात. रोख पैसे ही विसरली जाणारी गोष्ट आहे. वीज नसली की एटीएमही चालत नाही आणि दुकानातले कार्डाचे यंत्रही. बंद ठेवलेला फ्रीज सुमारे चार तास अन्न राखतो, गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास. बाहेर हिम आहे म्हणून अन्न बाहेर ठेवावेसे वाटते, पण दुपारच्या उन्हात तापमान वर जाते आणि जनावरे माग काढतात, त्यामुळे कुलूपबंद पेटी लागते. इन्सुलिनची अडचण उलटी असते. ते गोठले की निकामी होते, म्हणून ते अंगालगतच्या खिशात ठेवावे लागते.

पाण्याचे नळ हा घराचा सर्वांत नाजूक भाग. पाणी गोठताना फुगते, नळी फुटते, आणि ती फुटल्याचे कळते ते वीज आल्यावर, बर्फ वितळून भिंतीतून धारा लागल्या की. घर फार गार होऊ लागले किंवा सोडायची वेळ आली, तर आधी मुख्य नळ बंद करायचा, मग वरच्या मजल्यापासून खालपर्यंत सगळे नळ उघडून नळ्या रिकाम्या करायच्या, संडासाची टाकी रिकामी करायची, आणि मोरीच्या वळणनळीत उरलेल्या पाण्यात बिनविषारी गोठणरोधक द्रव ओतायचा. गरम पाण्याच्या टाकीचा विजेचा स्विच या वेळी बंद करायलाच हवा. काम अर्ध्या तासाचे आहे, पण अंधारात, हात बधिर झालेले असताना ते पहिल्यांदाच करायचे म्हणजे अवघड. मुख्य नळ कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असले तर निम्मे काम झाले. भाड्याच्या घरात, तळघरात राहणारी नवी कुटुंबे इथे जास्त अडतात. टोरंटो-ओटावाकडे गेलेल्या कित्येक मराठी घरांसाठी पहिला हिवाळा असाच असतो. घरमालकाला हा एक प्रश्न ऑक्टोबरमध्येच विचारून ठेवावा.

घराची तयारी तीन दिवस निभावते. त्यापुढे एकेकट्या घराचे बळ संपते आणि वस्तीची तयारी कामाला येते. १९९८ मध्ये खेड्यांतून ज्यांच्याकडे लाकडाची शेगडी होती त्यांच्याकडे आजूबाजूची दोन-तीन कुटुंबे राहायला आली. मुले जमिनीवर ओळीने झोपली, स्वयंपाक एकत्र झाला. ही सोय उत्स्फूर्तपणे झाली म्हणून तिचे कौतुक होते, पण ती आधी ठरलेली असेल तर आणखी भक्कम होते. कोणत्या गल्लीत कोणाकडे शेगडी आहे, कोणाकडे जनरेटर आहे, कोणाची गाडी हिमातून जाऊ शकते, आणि मुख्य म्हणजे कोण एकटे राहते, याची यादी गल्लीतल्या दोघा-तिघांकडे कागदावर असावी. फोनमधली यादी चार्जिंग संपल्यावर कामाची नाही.

एकट्या राहणाऱ्या वृद्धांचा प्रश्न सर्वांत बिकट आहे. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की गारठ्याचा विकार सुरू होतो, आणि त्याच्या सुरुवातीच्या लक्षणांतले एक म्हणजे बुद्धी मंद होणे. म्हणजे ज्याला मदत हवी आहे त्याला ती हवी आहे हेच उमजत नाही. शिवाय घर सोडायला वृद्ध माणसे तयार नसतात. क्वेबेकमध्ये पोलीस आणि सैनिक दारोदार फिरून अशा लोकांची समजूत घालत होते. ओळखीच्या शेजाऱ्याने दिवसातून दोनदा दार वाजवले तर समजूत लवकर पटते. घरी ऑक्सिजनचे यंत्र चालवणारे, डायलिसिसवर असलेले, व्हीलचेअरवर असलेले यांची नोंद नगरपालिकेकडे आणि वीजकंपनीकडे आधी असली पाहिजे. गरोदर बायकांचाही यात समावेश व्हावा. मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठातल्या संशोधक सुझान किंग यांच्या गटाने १९९८ च्या वादळाच्या वेळी गरोदर असलेल्या स्त्रियांची मुले वर्षानुवर्षे अभ्यासली. आईने त्या दिवसांत सोसलेल्या हालांचा संबंध मुलांच्या वाढीत पुढेही दिसत राहिला.

मग येते निवारा केंद्र. शाळा, चर्चचे सभागृह, हॉकीचे बंदिस्त मैदान अशा जागा निवडल्या जातात, पण नुसती मोठी जागा पुरत नाही. ती इमारत स्वतः विजेविना तापू शकते का, हा पहिला प्रश्न. प्रत्येक शाळेत कायमचा जनरेटर ठेवणे महाग पडते. त्यापेक्षा बाहेरच्या भिंतीवर जनरेटर जोडण्याची खोबणी आधीच बसवून ठेवली, तर ट्रकवर आलेले यंत्र तासाभरात जोडता येते. नाहीतर वायरमन शोधण्यात दिवस जातो. खाटा, ब्लँकेट, मोठ्या भांड्यांचे स्वयंपाकघर, औषधांचे टेबल, लहान मुलांसाठी वेगळी खोली हे सगळे लागतेच. कुत्र्या-मांजरांची सोय नसेल तर कित्येक लोक निवाऱ्यात यायलाच नकार देतात, हा अनुभव सगळीकडचा आहे. माणसे दाटीने राहिली की सर्दी-ताप आणि जुलाबाची साथ पसरते, त्यामुळे हात धुण्याचे पाणी आणि आजाऱ्यांसाठी वेगळा कोपरा हवा.

निवाऱ्याला आणि नगरभवनाला वीज कुठून आणायची, यावर मॉन्ट्रियलसमोरच्या बूशरव्हिल या गावाने शोधलेला उपाय आजही सांगितला जातो. डिझेल रेल्वे इंजीन म्हणजे चाकांवरचा जनरेटरच असतो. त्यातले डिझेल यंत्र वीज तयार करते आणि त्या विजेवर चाके फिरतात. गावाने सीएन या रेल्वे कंपनीकडून इंजिने मागवली. त्यातले एक रुळांवरून उतरवून थेट रस्त्यावरून नगरभवनापर्यंत आणले गेले. लोखंडी चाकांनी रस्त्याच्या डांबरात चर पाडले, पण इमारतीत दिवे लागले. या युक्तीमागे एक साधी जाण आहे: आपल्या परिसरात मोठी वीजनिर्मिती करू शकणारी कोणती यंत्रे आहेत आणि त्यांचे मालक कोण, हे संकटाआधी माहीत असले पाहिजे.

इंधनाचा पुरवठा हीच पुढची अडचण. पेट्रोलपंपाच्या जमिनीखाली टाक्या भरलेल्या असतात, पण पंप विजेवर चालतो. गावातल्या किमान एका पंपावर जनरेटर असावा आणि त्यावर रुग्णवाहिका, हिम काढणारी वाहने व निवाऱ्यांचा पहिला हक्क राहील, असा करार नगरपालिकेने आधी करावा. उन्हाळ्यात भरलेले डिझेल कडक थंडीत दाट होऊन गाळणी बुजवते. हिवाळी डिझेल वेगळे असते.

दुधाच्या गोठ्यांचा विषय शहरी लोकांच्या ध्यानात येत नाही. क्वेबेक आणि पूर्व ऑन्टारिओत दुभत्या गाई भरपूर आहेत आणि त्यांची धार यंत्राने काढली जाते. वेळेवर दूध काढले नाही तर कास सुजते, जनावर आजारी पडते. पन्नास गाईंची धार हाताने काढणे एका कुटुंबाच्या आवाक्यातले नसते. १९९८ मध्ये शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरवर चालणारे जनरेटर एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात फिरवले, रात्रंदिवस पाळ्या लावून. तरीही दूध थंड ठेवता येईना, टँकर रस्त्यांवर अडकले, आणि लक्षावधी लिटर दूध ओतून द्यावे लागले. जनरेटरच्या फिरत्या पाळीचे वेळापत्रक आता दूध उत्पादकांच्या गटांनी हिवाळ्याआधी ठरवावे, हे त्या अनुभवातून निघालेले शहाणपण आहे.

शहराला सर्वांत मोठा धोका पाण्याचा असतो. ९ जानेवारी १९९८ रोजी मॉन्ट्रियलच्या दोन्ही मुख्य जलशुद्धीकरण केंद्रांची वीज गेली आणि शहरात काही तासांपुरतेच पाणी उरले. पाणी संपले असते तर पिण्याचा प्रश्न होताच, पण मेणबत्त्या आणि शेगड्या पेटवून बसलेल्या लाखो घरांच्या शहरात अग्निशामक दलाच्या नळांत दाब राहिला नसता. वीज वेळेत पूर्ववत झाली, नागरिकांना पाणी उकळून पिण्यास सांगण्यात आले, आणि संकट टळले. जलकेंद्रांना स्वतःची पर्यायी वीज हवी, हे त्या एका दिवसाने शिकवले. इस्पितळाइतकेच जलकेंद्रही वीज परत देण्याच्या यादीत वर असले पाहिजे.

एका गोष्टीत मात्र आजचा समाज १९९८ पेक्षा कमजोर आहे, ती म्हणजे फोन. तेव्हाचा तांब्याच्या तारेवरचा फोन टेलिफोन केंद्रातल्या बॅटरीवर चालत असे. घरात वीज नसली तरी, तार शाबूत असली तर बोलणे होत असे. आज घरोघरी फायबर आहे आणि त्याचा मोडेम घरच्याच विजेवर चालतो. मोबाइलच्या मनोऱ्यांवरच्या बॅटऱ्या बहुधा काही तासांत संपतात. म्हणून वस्तीच्या योजनेत हौशी रेडिओचालक, बॅटरीचे रेडिओ आणि ठरलेल्या चौकातला सूचनाफलक या जुन्या गोष्टींना जागा ठेवावी लागते.

एका तारेवरचे अवलंबन किती दूरवर पसरते, हे फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासने दाखवले. तिथे तारा तुटल्या नव्हत्या. वीज तयार होणेच घटले. नैसर्गिक वायूच्या विहिरी आणि नळ्या थंडीत गोठल्या, त्यामुळे वायूवर चालणारी वीजकेंद्रे थांबली. विजेची टंचाई झाली म्हणून काही भागांची वीज तोडली, तर त्यात वायू पुढे ढकलणाऱ्या यंत्रांचीही वीज तुटली आणि वायू आणखी घटला. राज्याच्या आरोग्य विभागाच्या नोंदीनुसार २४६ लोक मरण पावले, आणि त्यातले बहुसंख्य गारठ्याने. टेक्सासची घरे उन्हाळ्यासाठी बांधलेली, नळ उघड्या भिंतीतून गेलेले. थंडी क्वेबेकपेक्षा कमी होती, तयारी त्याहूनही कमी होती.

तारांच्या बाजूने करायचे काम खर्चाचे आणि संथ असते. १९९८ नंतर क्वेबेक सरकारने अभियंता रॉजे निकोले यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. हायड्रो-क्वेबेकने ठरावीक अंतरावर इतके भक्कम मनोरे उभारले, की शेजारचे पडले तरी पडझड तिथे थांबावी. महत्त्वाच्या शहरांना एकाऐवजी दोन दिशांनी वीज मिळेल असे नवे मार्ग जोडले. क्वेबेक शहराजवळच्या लेव्ही उपकेंद्रात बर्फ वितळवणारे यंत्र बसवले. ते तारांतून मोठा एकदिश प्रवाह सोडते, तार तापते आणि बर्फ गळून पडतो. २००१ मध्ये नागरी सुरक्षेचा कायदा झाला, आणि नोव्हेंबर २०१९ पासून प्रत्येक नगरपालिकेला इशारा देण्याची व किमान मदतीची व्यवस्था सज्ज ठेवणे बंधनकारक झाले.

तरीही ५ एप्रिल २०२३ रोजी गोठणाऱ्या पावसाने ११ लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. या वेळी मोठे मनोरे उभे होते. बर्फाने लवलेली झाडे गल्लीतल्या तारांवर कोसळली होती. झाडांची छाटणी हा वीजकंपनीच्या कामाचा कंटाळवाणा, खर्चिक आणि रहिवाशांना न आवडणारा भाग आहे, पण गल्लीच्या पातळीवर त्याइतके उपयोगी काम दुसरे नाही. स्वीडन आणि फिनलंड यांनी आणखी पुढची वाट धरली. जानेवारी २००५ च्या गुद्रुन वादळात दक्षिण स्वीडनची जंगले तारांवर पडली आणि काही घरे महिन्याहून अधिक काळ अंधारात राहिली. त्यानंतर स्वीडनने वीज चोवीस तासांहून जास्त काळ जाऊ न देण्याचे बंधन वितरण कंपन्यांवर घातले. फिनलंडने २०१३ च्या कायद्यात वादळाने होणाऱ्या वीजबंदीला शहरात ६ तास आणि इतरत्र ३६ तासांची मर्यादा घातली. ती गाठायला कंपन्यांना बरीच वर्षे दिली. दोन्ही देशांत कंपन्या हजारो किलोमीटर तारा जमिनीखाली नेत आहेत. विरळ वस्तीच्या, खडकाळ प्रदेशात हा खर्च परवडतोच असे नाही, तिथे पर्यायी ऊब हाच खरा आधार राहतो.

वीज परत येण्याचीही तयारी लागते, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. बर्फाने ओढलेली तार कित्येकदा घराच्या भिंतीवरचा लोखंडी दांडा उखडते. खांबापर्यंतची लाइन कंपनीची असते, पण हा दांडा घरमालकाचा; तो परवानाधारक वायरमनने दुरुस्त केल्याशिवाय कंपनी घर जोडत नाही. गल्लीत सगळ्यांकडे दिवे आले आणि आपलेच घर अंधारात, असे होते ते यामुळे. दुसरी अडचण भाराची आहे. एरवी घराघरांतले हीटर आलटूनपालटून चालू-बंद होत असतात. दिवसभर गार पडलेल्या वस्तीला वीज दिली, की सगळ्या घरांतले सगळे हीटर, पाण्याच्या टाक्या आणि फ्रीज एकदमच चालू होतात. भार नेहमीपेक्षा कितीतरी वाढतो, फ्यूज उडतात आणि वस्ती पुन्हा अंधारात जाते. म्हणून कंपनी एकेका भागाला थांबत थांबत जोडते, आणि रहिवाशांनी वीज जाताच हीटरचे थर्मोस्टॅट खाली आणून ठेवायचे असतात. एक दिवा तेवढा चालू ठेवायचा, वीज आल्याचे कळावे म्हणून. तो लागल्यावर आधी फ्रीज आणि मुख्य खोलीचा हीटर, अर्ध्या तासाने बाकीच्या खोल्या. मुख्य नळ हळूहळू उघडून प्रत्येक सांधा तपासायचा, आणि गरम पाण्याची टाकी पूर्ण भरली आहे याची खात्री झाल्यावरच तिचा स्विच लावायचा, कारण रिकाम्या टाकीतला तापक काही क्षणांत जळतो.